"मान फिरत नही": अवघडलेले स्नायू हाताने मोकळे करायला शिकताना

चोपडा तालुक्यातला केळी वाहणारा एक भाऊ माझ्यासमोर स्टुलावर बसला आणि म्हणाला, "ताई, मान फिरत नही." मागून येणारी गाडी उजवीकडून बघायची तर मोटारसायकल थांबवून अख्खं अंग वळवावं लागायचं. सात-आठ वर्षं तो उजव्या खांद्यावर घड वाहत होता. वीस-पंचवीस किलोचा एकेक घड, बागेतून बांधावरच्या गाडीपर्यंत, दिवसभर. घरी त्याची बायको रोज रात्री तेल लावून खांदा जोर लावून चोळत होती. कातडी लालभडक झाली होती, मान मात्र होती तिथेच.

त्या माउलीची मेहनत खरी होती. फक्त तिचा हात सारखा पळत होता आणि खालचा स्नायू जागचा हलत नव्हता. आम्ही फिजिओथेरपीत वापरतो ती पद्धत नेमकी उलटी आहे. आमचा हात थांबतो आणि स्नायू हलतो. हा लेख तिच्यासारख्यांसाठी आहे. घरात कुणाची पाठ धरली, मान अवघडली, पायात गोळे आले की सगळे ज्यांच्या हाताकडे बघतात, त्यांच्यासाठी. जळगाव, धुळे, नंदुरबारकडे असं एक माणूस घराघरात असतंच.

हात कुणाला लावायचा नाही

घाईत असाल तर बाकीचा लेख नंतर वाचा, पण हा भाग आत्ताच वाचा.

एकाच पायाची पोटरी सुजलेली आहे, हाताला गरम लागते, दाबली की दुखते, आणि माणूस ऑपरेशननंतर बरेच दिवस पडून आहे किंवा घरातली बाई नुकतीच बाळंत झाली आहे, तर ती पोटरी चोळू नका. आतल्या शिरेत रक्ताची गुठळी असू शकते. ती सुटून फुफ्फुसात गेली तर जिवावर बेततं. सरळ दवाखाना गाठा.

कंबर धरली आहे आणि सोबत लघवी अडते किंवा झालेली कळत नाही, दोन्ही मांड्यांच्या मधला भाग बधिर झालाय, पायातलं बळ जातंय, तर सकाळची वाट बघू नका. कण्याच्या खालच्या टोकाला नसांचा जुडगा असतो, तो दाबला जातोय. रात्र असली तरी मोठ्या हॉस्पिटलात न्या.

डावा खांदा दुखतोय, जबड्यापर्यंत कळ जातेय, छातीत जड वाटतंय, घाम सुटलाय, तर तेलाची वाटी शोधत बसू नका. ते हृदयाचं दुखणं असू शकतं. ताप असून मान आखडली असेल, पडल्या-झडल्यानंतर दुखायला लागलं असेल, कॅन्सरचे उपचार चालू असतील किंवा काही कारण नसताना वजन उतरत असेल, तर आधी डॉक्टर, मग आपण.

आणि गोळ्या विचारा. मी शिकाऊ होते तेव्हा एका आजींची पाठ मोकळी केली. आजी खूश होऊन घरी गेल्या. तिसऱ्या दिवशी परत आल्या तेव्हा पाठीवर तळहाताएवढा काळानिळा डाग होता. रक्त पातळ व्हायची गोळी त्या रोज घेत होत्या आणि मी ते विचारलंच नव्हतं. तो डाग अजून डोळ्यांपुढून जात नाही. तेव्हापासून स्टुलावर कुणीही बसलं की माझा पहिला प्रश्न असतो, "कोणकोणत्या गोळ्या चालू आहेत?"

आपल्याकडे उसण भरली की पायाळू माणसाला बोलावून पाठीला पाय लावून घेतात. पाय नुसता टेकवला तर काही बिघडत नाही, आणि उसण तशीही बहुतेक वेळा काही दिवसांत आपोआप उतरते. पण हाडं ठिसूळ झालेल्या म्हाताऱ्या माणसाला लाथ बसली तर मणका दबू शकतो. तेवढं घरच्यांना प्रेमाने समजावून सांगा.

आधी गज मोजा

नवीन माणूस सर्वात जास्त इथेच चुकतो. दुखतंय म्हटल्याबरोबर तेल काढतो. माझं सांगणं असं की मोजल्याशिवाय हात लावायचाच नाही. आधी किती फिरत होती हे माहीत नसेल, तर नंतर फरक पडला की नुसतं बरं वाटलं, हे कळणार कसं?

त्या भावाला मी खिडकीसमोर बसवलं. खांदे हलू न देता मान हळूहळू फिरवायला सांगितली आणि नाक कोणत्या गजासमोर थांबतं ते बघितलं. डावीकडे सहावा गज. उजवीकडे तिसऱ्यापाशीच थांबली आणि त्याने डोळे मिटले. "आठेच, आठेच दुखस," म्हणजे इथेच दुखतंय, म्हणत त्याने बोट ठेवलं ते मान आणि खांदा यांच्या मधल्या उंचवट्यावर. चांगली मान एका बाजूला साधारण ऐंशी अंश वळते, म्हणजे हनुवटी जवळजवळ खांद्याच्या रेषेत जाते. तुमच्या घरी खिडकीला गज नसतील तर भिंतीवर खडूने खुणा करा. मान कायम त्या माणसानेच फिरवायची. तुम्ही धरून फिरवायची नाही.

घोट्यासाठी वेगळी मोजणी आहे. भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं, टाच न उचलता गुडघा भिंतीला टेकवायचा. अंगठा भिंतीपासून दहाएक सेंटिमीटर लांब असताना गुडघा टेकला तर पोटरी बऱ्यापैकी मोकळी आहे. खांद्यासाठी हात पाठीमागून वर न्यायचा आणि अंगठा कुठपर्यंत पोचतो ते बघायचं.

खांद्याला आणखी एक परीक्षा लागते. माणसाला हात सैल सोडायला सांगा, कोपर अंगाला चिकटलेलं ठेवून पंजा बाहेरच्या बाजूला हळूच न्या. तुमच्या हाताने तो त्याच्यापेक्षा पुढे गेला आणि शेवटी रबर ताणल्यासारखं लागलं, तर स्नायू आखडलाय. तुमच्या हातानेही जिथल्या तिथे अडला तर दुखणं सांध्यात आहे. मधुमेहाच्या माणसांत असा गोठलेला खांदा पुष्कळ दिसतो. सांध्याभोवतीचं आवरणच आकसतं आणि त्याला महिनोन्‌महिने लागतात, कधी दोन-तीन वर्षंसुद्धा. तिथे जोर लावून ओढाल तर त्या माणसाची झोप जाईल. त्याला फिजिओथेरपिस्टकडेच पाठवा.

तयारी

बाज नको. ती मध्ये खचते आणि पाठ वाकडी होते. जमिनीवर दोन गोधड्या अंथरा किंवा स्टूल घ्या. नखं कापा. तिळाचं, शेंगदाण्याचं, सातपुड्याकडे मिळतं ते मोहाच्या बियांचं, घरात असेल ते तेल चालतं. हात सरकवणं एवढंच तेलाचं काम, म्हणून चार थेंब पुरतात. पुढच्या पायरीला हात एका जागी रोवायचा असतो आणि तेलाने माखलेल्या पाठीवर तो ठरतच नाही.

नंदुरबारकडच्या वाचकांना एक खास सांगते. मिरचीच्या पथारीवर देठ खुडून आलात तर त्या दिवशी कुणाच्या अंगाला हात लावू नका. तिखट तेलकट असतं, नुसत्या पाण्याने ते निघत नाही. साबणाने दोन-तीनदा धुतलेल्या हातानेही मानेची कातडी रात्रभर जळत राहते.

खांदा आणि मान

आपल्याला दोन स्नायूंशी काम आहे. एक वरचा आणि रुंद: कवटीच्या मागच्या हाडापासून निघतो, खांद्यापर्यंत पसरतो आणि पाठीच्या मध्यापर्यंत खाली उतरतो. घड ज्या उंचवट्यावर टेकतो तो याचाच. दुसरा त्याच्याखाली लपलेला, दोरीसारखा: मानेच्या वरच्या चार मणक्यांपासून खवाट्याच्या आतल्या वरच्या कोपऱ्यापर्यंत. सकाळी उठल्यावर मान धरली म्हणतात, तेव्हा बऱ्याचदा हाच असतो.

दुखणं उजवीकडे आहे असं धरून सांगते, डावीकडे असेल तर बाजू उलट्या करा. माणसाला स्टुलावर बसवा, पाय जमिनीवर, हात मांडीवर. तुम्ही मागे उभे राहा. आधी दोन मिनिटं नुसता तळहात मानेपासून खांद्याकडे सावकाश फिरवा. हे ऊब येण्यासाठी आहे, आणि तुमच्या हाताला अंदाज यावा म्हणूनही. सावकाश म्हणजे किती? मानेपासून खांद्याच्या टोकापर्यंत जायला पाच-सहा सेकंद.

मग बोटं आडवी ठेवून स्नायूच्या धाग्यांवरून मागे-पुढे न्या. कुठेतरी सुतळीसारखा ताठ पट्टा बोटाखाली टचकन उडतो. त्यातच एखादी जागा अशी असते की दाबली की माणूस "हां, हेच" म्हणतो. कधीकधी कळ तिथे न राहता कानाच्या मागून कपाळाच्या बाजूला जाते. अमेरिकेतल्या डॉ. जेनेट ट्रॅव्हेल यांनी आयुष्यभर अशाच जागांचे नकाशे काढले. राष्ट्राध्यक्ष केनेडींच्या त्या खासगी डॉक्टर होत्या, त्यांच्या पाठीवरही त्यांनी उपचार केले. डोकं दुखतंय म्हणून कपाळाला बाम चोळणाऱ्या किती जणांचं दुखणं खरं खांद्यात असतं, हे त्यांच्यामुळे डॉक्टरांना कळायला लागलं.

जागा सापडली की तो उंचवटा तळहात आणि बोटं यांच्या मुठीत धरा. धरायचा तो खांद्यावरचा मांसल भागच. गळ्याच्या पुढच्या बाजूला, जिथे नाडी लागते, तिथे बोट जाता कामा नये. दाब हळूहळू वाढवा आणि विचारा, "शून्य ते दहात किती?" पाच-सहा म्हणाला की थांबा. आपल्याकडे माणसं "बरं दुखतंय" म्हणतात, तोच हा आकडा. श्वास रोखला, खांदा वर चढला, पायाची बोटं आवळली, तर तो तोंडाने काहीही म्हणो, दाब जास्त झालाय. आणि आपल्याकडचा गडी माणूस "दाबा ताई, अजून दाबा" म्हणतोच. त्याच्या तोंडाकडे लक्ष देऊ नका, पायाच्या बोटांकडे बघा.

आता तीस ते साठ सेकंद काही करू नका. खरंच काही करू नका. नव्या माणसाला हेच जमत नाही. हात चुळबुळ करायला लागतो. ज्यांनी खापरावरचे मांडे केलेत त्यांना हे सांगायला लागत नाही. पीठ हातावर घेऊन घाई केली तर मांडा फाटतो, हात स्थिर ठेवून त्याला त्याच्या वजनाने सुटू दिलं तर तो कोपरापर्यंत पसरतो. स्नायूचंही तसंच आहे. अर्ध्या मिनिटानंतर हाताखाली काहीतरी ढिलं पडल्यासारखं होतं आणि तोच माणूस आपणहून सांगतो, "आता तीन."

मग खरी पायरी. उंचवटा मुठीत तसाच धरून ठेवा आणि त्याला म्हणा, "दादा, डावा कान डाव्या खांद्याकडे न्या, हळू." तो मान कलवतो तेव्हा धरलेला स्नायू तुमच्या हाताखालून ताणला जातो. मान परत सरळ, पकड सैल, पुन्हा धरा, पुन्हा कलवा. चार-पाच वेळा. नंतर खवाट्याच्या आतल्या वरच्या कोपऱ्यावर बोटांचे सांधे टेकवून ठेवा आणि त्याला नाक डाव्या काखेकडे न्यायला सांगा, जणू काखेचा वास घ्यायचाय. तेही चार वेळा. अशा धरून-हलवण्याच्या पद्धतीला अमेरिकेतले कायरोप्रॅक्टर (मणक्यांवर-सांध्यांवर हाताने उपचार करणारे) मायकेल लेही यांनी १९८०च्या दशकात शिस्त लावून नाव दिलं. आजचे अनेक थेरपिस्ट तिचंच काही ना काही रूप वापरतात.

शेवटी तुमचा तळहात त्याच्या डोक्याच्या उजव्या बाजूला ठेवा. त्याने डोकं तुमच्या हातावर दाबायचं, पण ताकदीच्या पाचव्या हिश्श्यानेच, पाच-सात सेकंद. तुमचा हात जागचा हलू द्यायचा नाही. मग श्वास सोडायचा, ढिलं व्हायचं, आणि मान आपल्याआपण डावीकडे जिथपर्यंत जाईल तिथपर्यंत जाऊ द्यायची. तीन वेळा. डोकं तुम्ही ओढायचं नाही. प्रागचे डॉक्टर कारेल लेवित यांनी ही युक्ती जगभर नेली. माझ्या मते नव्या माणसाच्या हातात द्यायला यापेक्षा सुरक्षित काही नाही. यात कधीही गरगरलं, दोन-दोन दिसायला लागलं, मळमळलं, तर तिथेच थांबा आणि डॉक्टरांना दाखवा.

सगळं मिळून दहा-बारा मिनिटं. मग पुन्हा खिडकीसमोर. त्या दिवशी उजवीकडे नाक पाचव्या गजावर गेलं. भाऊ दोनदा वळून बघत राहिला.

गाठ फुटते का?

"गाठ फोडा" असं सगळेच म्हणतात. पण हाताने काही फुटत नाही. स्नायूवरचं आवरण इतकं चिवट असतं की बोटाच्या दाबाने ते तुटत नाही. साचलेलं लॅक्टिक ॲसिड निघून जातं, हेही खरं नाही. कष्ट थांबल्यावर तासाभरात शरीर ते स्वतःच वापरून टाकतं. बदल होतो तो मज्जासंस्थेत. हळू, न घाबरवणारा दाब मिळाला की मेंदू त्या स्नायूवरचा पहारा सैल करतो आणि ताण सोसायची तयारी वाढवतो. म्हणूनच जोराने चोळल्यावर उलटा परिणाम होतो: मेंदूला धोका वाटतो आणि तो स्नायू आणखी आवळून धरतो.

यातूनच दुसरी गोष्ट निघते. हा आराम थोड्या काळाचा असतो, काही तास, फार तर काही दिवस. तेवढ्या वेळात त्या मोकळ्या झालेल्या हालचालीचा वापर करायचा असतो. भावाला मी तीन कामं दिली: घड उतरवला की दोन्ही बाजूंना दहादहा वेळा मान वळवायची, एक फेरी उजव्या खांद्यावर आणि एक डाव्यावर, आणि खांद्यावर पोत्याची जाड घडी. डावा खांदा सुरुवातीला नको म्हणतो. दोन आठवड्यांत सवय होते.

कंबर

कापूस वेचणाऱ्या, निंदणी करणाऱ्या बायांची कंबर संध्याकाळी सरळ होत नाही. पालथं झोपवून पोटाखाली उशी द्या. कण्याच्या हाडावर कधीही दाबायचं नाही. त्याच्या दोन्ही बाजूंना दोन बोटं सोडून जे लांब उंचवटे आहेत, तिथेच तळहात. बरगड्या संपतात त्याखाली बाजूला मूत्रपिंड असतात, तिथे कोपर नको.

पण खरं सांगू का, कंबरेपेक्षा मी आधी कुल्ल्याकडे जाते. वाकून उभं राहताना तिथले स्नायू दिवसभर अंग तोलून धरतात. मुठीचे सांधे कुल्ल्याच्या बाहेरच्या वरच्या भागावर टेकवा, दुसऱ्या हाताने गुडघ्यात पाय दुमडून पावलाचं टोक हळूहळू आत-बाहेर न्या. हाताखाली स्नायू फिरताना जाणवतो. कळ मांडीच्या मागून खाली पायात उतरली की जागा बदला, तिथून मोठी नस जाते. एकट्या बाईला कुणी करणारं नसेल तर टेनिसचा चेंडू भिंत आणि कुल्ला यांच्यामध्ये ठेवून अंग टेकवायचं. क्रिकेटचा चेंडू नको, फार टणक असतो.

वेचणीच्या हाताचं थोडक्यात सांगते. कोपराखालचा मांसल भाग दुसऱ्या हाताच्या बोटांनी धरा आणि मनगट वर-खाली दहा वेळा हलवा. बांधावर बसून दोन मिनिटांत होतं.

पोटरी

रात्री गोळा आला तर चोळण्याआधी गुडघा सरळ करून पायाची बोटं नडगीकडे ओढा, तो सुटतो. भुसावळ-जळगावचा मे महिना, पंचेचाळीस अंशांच्या आसपासचं ऊन आणि शेतातलं काम असेल, तर पायात गोळे येण्याचं कारण घामातून गेलेलं मीठ-पाणी असू शकतं. तिथे मालिश काय करणार? लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून घोटघोट द्या. ऊन लागून माणूस बरळत असेल तर लगेच सावली, अंगावर पाणी आणि दवाखाना. गुडघ्यामागच्या खळग्यात कधीच दाबू नका, तिथून शिरा-धमन्या उघड्यावरून जातात.

तुमचे हात, आणि वही

अंगठ्याने दाबायची सवय आजच सोडा. अंगठ्याच्या मुळाशी असलेला सांधा लहान आहे, रोजच्या दाबाने तो झिजतो. बोटांचे सांधे, तळहाताची टाच, कोपर वापरा आणि दाब दंडातून न आणता अंगाचं वजन पुढे झुकवून आणा. दमलात तर पद्धत चुकतेय असं समजा.

एका जागेला एका दिवशी एकदाच, आणि मध्ये एक-दोन दिवस जाऊ द्या. दुसऱ्या दिवशी थोडं ठणकलं तर चालतं. दोन दिवसांपेक्षा जास्त ठणकलं किंवा डाग पडला, तर पुढच्या वेळी दाब निम्मा. दोन-तीन वेळा करूनही गज हलला नाही, तर तुमचं काम संपलं. मग फिजिओथेरपिस्टकडे न्या, आणि त्यांची राज्याच्या कौन्सिलकडे नोंदणी आहे का हे बिनधास्त विचारा. चांगला माणूस त्या प्रश्नाने रागावत नाही.

जाताना वही सोबत न्या. माझ्याकडे लोक जाडजूड फाइल घेऊन येतात, त्यातला एक्स-रे चार वर्षांपूर्वीचा असतो. त्यापेक्षा शाळेच्या वहीचं एक पान मला जास्त सांगतं: तारीख, कोणती बाजू, हात लावण्याआधी कितवा गज, नंतर कितवा, कोणत्या गोळ्या चालू, त्या दिवशी किती फेऱ्या वाहिल्या. त्या भावाच्या बायकोने असंच पान लिहून आणलं होतं, पेन्सिलने. त्यावरून दिसलं की सोमवारी मान पाचव्या गजावर असते आणि शनिवारी परत चौथ्यावर येते. मग आम्ही शनिवारच्या फेऱ्यांबद्दल बोलायला बसलो.